कुर्बानी चुकते कुठे? निसाबाच्या हिशोबापासून मटणाच्या वाटपापर्यंत, क्रमानं

बकरी ईदच्या नमाजेआधी जुबह केलेला (अल्लाहचं नाव घेऊन गळा कापलेला) बकरा कुर्बानीत धरला जात नाही. ते नुसतं मटण. हदीसमध्ये हे स्पष्ट आलं आहे. तरी कसायाकडे सकाळची पहिली पाळी मिळाली म्हणून नमाजेला जाण्याआधीच छुरी फिरवून मोकळे होणारे दर वर्षी असतातच. खुद्द जुबहला लागतात पाच मिनिटं. चुका होतात त्या आधीच्या दहा दिवसांत आणि नंतरच्या पाच-सहा तासांत: निसाबाचा (कुर्बानी लागू होण्याइतक्या मालमत्तेचा) हिशोब न करता, दात न बघता, हिस्से न तोलता, कसायाची मजुरी चामड्यात वळती करून. म्हणून पुढचे टप्पे जसे येतात त्याच क्रमानं वाचा आणि त्याच क्रमानं करा.

महाराष्ट्रात बहुतेक मुसलमान हनफी मसलकाचे, तर कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. मसलक म्हणजे धार्मिक नियमांची परंपरा. काही मसले (नियम) दोन्हींत वेगळे आहेत. मोठा फरक आहे तिथे दोन्ही सांगितले आहेत. आपल्या मसलकाप्रमाणे करा. अडलं तर मोहल्ल्याच्या इमामसाहेबांना जनावर घेण्याआधी विचारा, जुबह झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

## १. कुर्बानी कोणावर, आणि घरात किती?

हनफी मसलकात कुर्बानी घरावर नसते, माणसावर वाजिब (बंधनकारक) होते. माणूस बालिग (वयात आलेला) हवा, शहाणा हवा, प्रवासात नसावा आणि साहिबे-निसाब (निसाबाएवढी मालमत्ता असलेला) हवा. निसाब म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी (साडेबावन्न तोळे) किंवा ८७.४८ ग्रॅम सोनं (साडेसात तोळे). हिशोब ग्रॅममध्येच करा. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता, आजचे सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतात. तोळ्यावर गेलात तर आकडा चुकतो.

नुसतं सोनंच असेल, सोबत रोख पैसा, चांदी किंवा विक्रीचा माल काहीच नसेल, तरच साडेसात तोळ्यांचं माप लागतं. सोन्याबरोबर थोडी रोकड असली की सगळ्याची एकत्र किंमत काढून ती चांदीच्या निसाबाशी ताडायची. चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरला तर निसाब होतो ६१,२३६ रुपये. तुम्ही त्या दिवसाचा भाव घ्या. यातून देणं असलेलं कर्ज वजा करा. राहतं घर, रोजच्या वापरातली गाडी, कपडे, भांडी, धंद्याची हत्यारं धरायची नाहीत. रिकामा पडलेला प्लॉट किंवा गरजेपेक्षा जास्तीचं घर मात्र धरायचं.

जकातीसारखं वर्ष उलटण्याची अट इथे नाही. ईदच्या तीन दिवसांत निसाब हातात आला तरी कुर्बानी वाजिब होते.

सगळ्यात जास्त होणारी चूक: नवऱ्यानं एक बकरा केला की घर सुटलं, असं धरणं. बायकोकडे ३० ग्रॅमच्या बांगड्या आणि कपाटात पाच हजार रुपये असतील तर तिची कुर्बानी वेगळी. कमावता मुलगा असेल तर त्याचीही वेगळी. नवरा तिच्या वतीनं करू शकतो, पण तिला सांगून, तिच्या नावाची नियत (इरादा) करून.

दुसरी चूक: वारलेल्या वडिलांच्या नावानं बकरा करायचा आणि स्वतःची वाजिब कुर्बानी तशीच ठेवायची. आधी स्वतःची. मग ऐपत असेल तर मरहूम आई-वडिलांच्या नावानं.

शाफई मसलकात कुर्बानी सुन्नत-ए-मुअक्कदा (आग्रहानं सांगितलेली, पण वाजिब नसलेली) आहे. घरातल्या एकानं केली की घराच्या वतीनं सुन्नत अदा होते.

तपासा: नावांची यादी कागदावर लिहा. प्रत्येक नावापुढे बकरा की मोठ्या जनावरातला (म्हैस-रेड्यातला) हिस्सा, हे नोंदवा. बाजारात जाण्याआधी ही यादी पक्की हवी.

## २. तारखा

तारीख ठरते ती इथल्या चंद्रदर्शनावर. सौदीची ईद टीव्हीवर पाहून मोजायला लागू नका. भारतात बहुधा एक दिवस नंतर येते. २०२५ मध्ये इथे ७ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जूनला. दर वर्षी साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणजे पुढची काही वर्षं ऐन उन्हाळ्यात. मटण राखण्याच्या टप्प्यावर हे फार महत्त्वाचं ठरतं.

ज्याची कुर्बानी आहे त्यानं जिलहिज्जाचा (ईदच्या महिन्याचा) चंद्र दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत नखं आणि केस कापू नयेत. हे मुस्तहब (चांगलं, पण सक्तीचं नाही) आहे. कापले तर कुर्बानी बाद होत नाही. नखं, केस चंद्र दिसण्याआधीच आवरून घ्या.

जिलहिज्जाच्या ९ तारखेला, अरफाच्या दिवशी, रोजा. १० ते १३ या चार दिवसांत रोजा ठेवायचा नाही. ९ तारखेच्या फज्रपासून (पहाटेच्या नमाजेपासून) १३ तारखेच्या असरपर्यंत (दुपारनंतरच्या नमाजेपर्यंत) प्रत्येक फर्ज (अनिवार्य) नमाजेनंतर तकबीर-ए-तशरीक म्हणायची: अल्लाहु अकबर अल्लाहु अकबर, ला इलाह इल्लल्लाहु वल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर व लिल्लाहिल हम्द. एकूण २३ नमाजा होतात. ईदच्या दिवशी उत्साहानं म्हणतात आणि दुसऱ्या दिवसापासून विसरतात, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं.

कुर्बानीचे दिवस हनफी मसलकात १०, ११ आणि १२, तिसऱ्या दिवशी सूर्यास्तापर्यंत. शाफई मसलकात १३ तारखेच्या सूर्यास्तापर्यंत. पहिला दिवस उत्तम. पण कसाई मिळत नाही म्हणून पहिल्याच दिवशी नवशिक्याच्या हाती बकरा देण्यापेक्षा दुसरा दिवस केव्हाही बरा.

आखातातून गावी पैसे पाठवणाऱ्यांसाठी: कुवेत-दुबईत ईद बहुधा आधी होते आणि रत्नागिरी-रायगडात दुसऱ्या दिवशी. गावचा तिसरा दिवस म्हणजे तुमचा चौथा. म्हणून गावी कुर्बानी पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच उरकायला सांगा, म्हणजे दोन्हीकडच्या दिवसांत ती बसते.

## ३. जनावर निवडणं

इथे घाई करू नका. बाजारात वजन आणि रंग बघितला जातो. अट मात्र वयाची आणि निर्दोष असण्याची आहे.

वय चांद्र वर्षानं मोजतात आणि ते ३५४ दिवसांचं असतं. हनफी मसलकात बकरा-बकरी पूर्ण एक वर्षाची, म्हैस-रेडा दोन वर्षांचा, उंट पाच वर्षांचा. मेंढा एक वर्षाचा. सहा महिन्यांवरचा असून वर्षाच्या मेंढ्यात उभा केला तर वेगळा ओळखू न येण्याइतका भरलेला असेल तरी चालतो. ही सवलत मेंढ्यालाच आहे, बकऱ्याला नाही. दहा महिन्यांचा बकरा कितीही धिप्पाड असो, चालत नाही. शाफई मसलकात बकरा दोन वर्षांचा लागतो. कोकणातून मुंबईला येऊन बकरा घेणाऱ्यांची गफलत नेमकी इथे होते, कारण बाजारात ‘कुर्बानीचा’ म्हणून उभा असलेला बराच माल वर्ष-सव्वा वर्षाचा असतो.

दात असे बघा. एका हातानं खालचा जबडा धरा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ खाली ओढा. बकऱ्याला समोर वरचे दात नसतातच, तिथे कडक हिरडी असते. ‘वरचे दात पडलेत’ म्हणून जनावर नाकारू नका. खाली समोर आठ दात असतात. सगळे बारीक, टोकदार, एकसारखे असतील तर ते दुधाचे, जनावर अदात. मधले दोन पडून त्यांच्या जागी शेजारच्यांच्या जवळपास दुप्पट रुंद, फावड्यासारखे दोन दात आले असतील तर जनावर दोन दाती, म्हणजे वर्ष उलटलेलं. चार रुंद दात असतील तर चार दाती. मधे नुसती खाच असेल आणि रुंद दात दिसत नसतील तर दूध-दात पडलेत किंवा पाडलेत एवढंच कळतं. ते दोन दाती नव्हे.

दात ही वयाची खूण आहे, अट वयाचीच. घरी जन्मलेल्या बकऱ्याची तारीख पक्की ठाऊक असेल आणि वर्ष पूर्ण असेल तर दात उगवायला उशीर झाला तरी हरकत नाही.

आता दोष. हे क्रमानं तपासा:

डोळे: एका बाजूनं हात हळूच डोळ्याजवळ न्या, मग दुसऱ्या बाजूनं. पापणी मिटली पाहिजे. आंधळं किंवा एका डोळ्यानं उघडपणे काणं जनावर चालत नाही.

पाय: दोरी सैल करून दहा-पंधरा पावलं चालवा. जुबहच्या जागेपर्यंत स्वतःच्या पायानं जाता येत नसेल इतकं लंगडं नको.

कान आणि शेपूट: एक-तृतीयांशाहून जास्त कापलेलं नको. कानातल्या बिल्ल्याचं छिद्र हा दोष नाही. शाफई मसलक कापलेल्या कानाबाबत अधिक कडक आहे.

शिंगं: जन्मतः नसतील तर चालतं, टोक मोडलेलं चालतं. मुळापासून उखडून जखम आत गेलेली असेल तर नको.

अंगकाठी: पाठीच्या कण्यावर हात फिरवा. मणके करवतीसारखे लागत असतील तर जनावर खंगलेलं आहे.

आजार: नाकातून घट्ट शेंबूड, डोळ्यांत चिपडं, हगवण, तोंडात फोड ही पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची) लक्षणं. ओठांवर खपल्या धरल्या असतील तर तो मावा रोग. दोन्हींत जनावर घेऊ नका. दोन दिवसांत घरच्या इतर शेळ्यांनाही लागेल.

खच्ची केलेला बकरा चालतो. त्याचं मटण कमी उग्र असतं. गाभण शेळी टाळा.

जातीचा आग्रह धरण्याचं कारण नाही. धाराशिवकडची काळी उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ, किंवा बाहेरून येणारे उंच बकरे, सगळे सारखेच चालतात. स्थानिक जनावराचा एक फायदा खरा: लांबच्या प्रवासानं ते थकलेलं नसतं.

वजनाचा अंदाज: जिवंत ४० किलोच्या बकऱ्यातून हाडांसकट १८ ते २० किलो मटण मिळतं. विकणारा ‘तीस किलो पडेल’ म्हणाला तर हा हिशोब लक्षात ठेवा.

मोठ्या जनावरात सातपर्यंत हिस्से होतात. आठ जण झाले तर एकाचीही कुर्बानी होत नाही. कोणाचा वाटा एक-सप्तमांशाहून कमी असेल तरीही तेच. हनफी मसलकात सगळ्यांची नियत इबादतीची (उपासनेची) हवी: कुर्बानी किंवा अकिका (बाळाच्या जन्मानिमित्तची कुर्बानी). एकानं नुसत्या मटणासाठी पैसे घातले असतील तर सातही जणांची कुर्बानी जाते. हिस्सेदार ठरवताना हे तोंडावर विचारा. संकोच करू नका.

सावधान: विकत घेतल्यावर, जुबहच्या आधी जनावराचा पाय मोडला किंवा डोळा गेला, तर साहिबे-निसाबाला दुसरं जनावर घ्यावं लागतं. जुबहसाठी आडवं पाडताना झटापटीत काही मोडलं तर मात्र माफ आहे.

## ४. कायदा आणि जागा

महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. २०१५ पासून बैल-वळूही त्यात आले; शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे इथे हिश्श्याची कुर्बानी करायची तर म्हैसवर्गीय जनावरच, आणि त्यालाही कत्तलीयोग्य असल्याचा दाखला लागतो. ‘हिस्सा’ म्हणून पैसे घेणाऱ्याला जनावर कोणतं आणि जुबह कुठे, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

जागा महापालिका किंवा नगरपालिकेनं ठरवून दिलेलीच घ्या. मुंबईत देवनारला मोठी सोय होते. इतर शहरांत तात्पुरती केंद्रं जाहीर होतात. परवानगीचा अर्ज आठवडाभर आधी करा. फ्लॅटमध्ये, जिन्यात, गच्चीवर, सोसायटीच्या वाहनतळावर जुबह करू नका. शेजाऱ्याला त्रास देऊन इबादत होत नाही, आणि पावसाळी गटार तुंबलं की त्या तक्रारीला उत्तर नसतं.

खरेदीची पावती आणि परवान्याची प्रत जनावर आणणाऱ्याच्या खिशात हवी, घरी कपाटात नाही.

## ५. घरी आणल्यापासून आदल्या रात्रीपर्यंत

शहरात बकरा दारात आला की मुलं त्याला प्रेमानं चपाती, भात, बिस्किटं, मूठ-मूठ गहू घालतात. बकऱ्याच्या पोटाला एवढ्या धान्याची सवय नसते. ते आत आंबतं, आम्ल वाढतं, डावी कूस फुगून ढोलासारखी वाजते, जनावर दात खातं आणि बसून राहतं. ईदच्या आदल्या दिवशी बकरा मेला, या प्रसंगाच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. सुका चारा, बाभळीचा-सुबाभळीचा पाला, हरभऱ्याचा भुसा द्या. धान्य द्यायचंच असेल तर दिवसाला १०० ते १५० ग्रॅमच्या वर नाही आणि तेही विकणारा देत होता तेच. मुलांना पाला हातात द्या. लाडही होतो आणि पोटही शाबूत राहतं.

सावली, कोरडी जागा, स्वच्छ पाणी. दोरी एवढी लांब की बसता-उठता येईल, पण गळ्याला पीळ पडणार नाही. कूस फुगली तर घरगुती इलाज करत बसू नका, पशुवैद्याला बोलवा.

जुबहच्या आधी १२ तास चारा बंद करा. पाणी शेवटपर्यंत द्या. पोट रिकामं असलं की कोथळा काढताना फुटत नाही, आणि पाणी मिळालेलं असलं की रक्त नीट वाहतं, कातडंही सहज सुटतं.

छुरीला धार आदल्या रात्रीच लावा. बकऱ्यासाठी पातं २० ते २५ सेंटीमीटरचं हवं, एकही खाच नसलेलं. उभ्या धरलेल्या कागदावर फिरवून बघा: कागद न फाटता कापला गेला पाहिजे. सोलायची सुरी वेगळी, हाड तोडायचा सत्तूर वेगळा.

आदल्या रात्री हे जमवून ठेवा: दोरीचे तुकडे, दोन बादल्या पाणी, जाड प्लास्टिकचं स्वच्छ कापड, टांगायचा आकडा, तराजू, खडे मीठ, भुसा किंवा कोरडी माती, कचऱ्याच्या जाड पिशव्या. कसायाची मजुरी रोखीत ठरवून सुट्टे पैसे बाजूला काढा.

## ६. ईदची सकाळ

गुसल (अंघोळ), मिसवाक (दातण), स्वच्छ कपडे, अत्तर. या ईदला नमाजेआधी काही न खाता जाणं मुस्तहब आहे; परतल्यावर कुर्बानीच्या मटणानं सुरुवात करावी. जाताना तकबीर मोठ्यानं म्हणत जा, परतताना वाट बदला.

नमाज दोन रकात (आवर्तनं). हनफी इमामामागे सहा जादा तकबिरा असतात, शाफई इमामामागे पहिल्या रकातीत सात आणि दुसरीत पाच. खुतबा (इमामाचं प्रवचन) नमाजेनंतर असतो. तो ऐकून उठा.

हनफी मसलकात शहरात एका जागी नमाज झाली असेल तर तुमच्या मशिदीतली व्हायची असली तरी कुर्बानी होते. ईदची नमाज जिथे होतच नाही अशा लहान वस्तीत फज्रची वेळ सुरू झाल्यापासून चालतं. शाफई मसलकात सूर्य वर आल्यावर दोन रकाती आणि दोन खुतब्यांपुरता वेळ गेला की चालतं.

तपासा: पहाटेची पाळी देणाऱ्या कसायाला नमाजेची वेळ सांगितली आहे का? तुमच्या गैरहजेरीत तो आधीच सुरुवात करणार नाही, याची खात्री करा.

## ७. जुबह

एका जनावरासमोर दुसरं जुबह करू नका आणि त्याच्यासमोर छुरी परजू नका. जनावराला पाय धरून फरफटत आणू नका. पाणी दाखवा आणि चालवत आणा.

डाव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे (मक्केतल्या काबेच्या दिशेनं). महाराष्ट्रात किब्ला पश्चिमेला, किंचित वायव्येकडे झुकलेला. म्हणजे डोकं दक्षिणेला आणि पाय पश्चिमेला येतात. बरेच जण फक्त मान वळवतात आणि धड तसंच ठेवतात. अख्खं जनावर वळवा. दोन्ही पुढचे पाय आणि डावा मागचा पाय एकत्र बांधा, उजवा मागचा मोकळा सोडा. तो झाडल्यानं रक्त वाहायला मदत होते.

ज्याची कुर्बानी आहे त्यानं स्वतः छुरी चालवावी हे उत्तम. जमत नसेल तर जाणत्याच्या हाती द्या आणि समोर उभे राहा. नियत मनात पुरते. नावांची यादी मोठ्यानं वाचलीच पाहिजे असं नाही.

छुरी फिरवताना ‘बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर’. हनफी मसलकात हे जाणूनबुजून सोडलं तर जनावर हराम होतं, विसरून राहिलं तर माफ. अरबी दुआ पाठ नसेल तर अडून बसू नका.

सावधान: कौतुकानं मुलाचा हात छुरीवर ठेवून दोघांनी मिळून छुरी चालवायची पद्धत काही घरांत आहे. छुरी चालवण्यात ज्याचा ज्याचा हात आहे त्या प्रत्येकानं बिस्मिल्लाह म्हणणं लागतं. एकानं म्हटलं आणि दुसरा गप्प राहिला तर मामला बिघडतो. मुलाला पाय धरायला सांगा.

छुरी कंठमण्याच्या खाली ठेवा, म्हणजे कंठमणी डोक्याच्या बाजूला राहील. एका दमात, दाब देऊन, पातं न उचलता. श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या अशा चार नळ्या आहेत; हनफी मसलकात चारांपैकी किमान तीन कापल्या गेल्या पाहिजेत. शाफई मसलकात श्वासनलिका आणि अन्ननलिका पूर्ण कापणं आवश्यक आहे. तिथे थांबा. मान मोडणं, धड वेगळं करणं, लवकर शांत व्हावं म्हणून मानेच्या मणक्यात सुरीचं टोक खुपसणं, हे सगळं मकरूह (धर्मात नापसंत) आणि जनावराला नाहक यातना देणारं आहे. पुढच्या गिऱ्हाइकाची घाई असलेले कसाई नेमकं हेच करतात. तुम्ही समोर उभे असाल तर करणार नाहीत.

जनावर पूर्ण थंड होईपर्यंत, निदान चार-पाच मिनिटं, कातड्याला सुरी लावायची नाही. बुबुळाला बोट लावून बघा: पापणी हलत नसेल, श्वास थांबला असेल, तरच पुढे.

## ८. सोलणं आणि कापणं

कातडं सुटण्यासाठी मागच्या पायापाशी छेद देऊन हवा भरतात. ती तोंडानं नाही, पंपानं भरा. माणसाच्या तोंडातले जंतू थेट मटणात जातात.

मागच्या पायांवर टांगून काम करा. जमिनीवर सोललेल्या मटणाला केस आणि माती चिकटते, मग ते धूत बसावं लागतं, आणि भिजलेलं मटण लवकर खराब होतं. कातड्याच्या केसांना लागलेला हात मटणाला लावू नका. एकानं कातडं ओढायचं, दुसऱ्यानं मटण धरायचं.

पोट उघडण्याआधी अन्ननलिका आणि गुदद्वाराकडची आतडी दोरीनं बांधून घ्या. कलेजीवरची पित्ताची पिशवी आधी, थोड्या कलेजीसकट, कापून काढा. फुटली तर लागलेला भाग लगेच कापून टाका. कडवटपणा धुऊन जात नाही.

कलेजी आणि फुप्फुसं उजेडात बघा. पाणी भरलेले पांढरे फोड असतील तर तो अवयव पुरून टाका. कुत्र्यांना तर मुळीच घालू नका: त्या फोडातली कृमी कुत्र्याच्या पोटात वाढते आणि त्याच्या विष्ठेतून माणसापर्यंत येते.

वाहतं रक्त हराम आहे. हनफी मसलकात नर-मादीचं जननांग, अंडकोश, मूत्राशय, पित्ताशय आणि गाठी हेही खात नाहीत. वाट्यात चुकून जाऊ नये म्हणून सोलतानाच वेगळ्या पिशवीत टाका.

## ९. वाटप

हिश्श्याचं जनावर असेल तर आधी सात भाग, आणि तेही तराजूवर. ‘अंदाजानं समान आहेत, सगळे राजी आहेत’ हे हनफी मसलकात चालत नाही. रान (मांडी), दस्त (पुढचा पाय), सीना (छाती), चाप (बरगड्या), मान यांचे तुकडे मिसळा, ढीग तोला, मग उचला.

आपल्या वाट्याचे तीन भाग करणं मुस्तहब आहे: एक घरासाठी, एक नातेवाईक आणि मित्रांसाठी, एक गरजूंसाठी. घर मोठं असेल तर जास्त ठेवता येतं. शाफई मसलकात गरिबाला थोडं तरी कच्चं मटण देणं लागतंच. मुसलमान नसलेल्या शेजाऱ्यालाही कुर्बानीचं मटण देता येतं. तो खातो का, ते मात्र आधी विचारा.

गरजूंच्या पिशवीत हाडं आणि चरबी आणि घरच्या डब्यात रान, असं करू नका. पिशव्या भरताना मिसळून भरा. गरिबांच्या पिशव्या सर्वांत आधी बाहेर पडू द्या. त्यांच्याकडे बहुधा फ्रीज नसतो आणि त्यांनाही त्याच दिवशी शिजवायचं असतं.

सावधान: कसायाला मजुरीपोटी मटण, मुंडी, पाये किंवा कातडं द्यायचं नाही. ‘हजार रुपये आणि मुंडी-पाये’ असा सौदाच करू नका. पूर्ण मजुरी रोख द्या. नंतर खुशीनं मटण दिलं तर ती भेट झाली, हरकत नाही.

## १०. मटण राखणं

ताजं मटण आतून ३८-४० अंशांवर असतं. असं गरम मटण प्लास्टिकच्या पिशवीत गच्च भरून फ्रीजमध्ये कोंबलं तर बाहेरचा थर गार होतो, मधला गोळा तासन् तास कोमट राहतो. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली की आंबूस वास येतो आणि मधला भाग हिरवट दिसतो. शिजवून ते सुधारत नाही.

म्हणून आधी निथळू द्या. मोठे तुकडे सावलीत पंख्याखाली टांगा किंवा मोठ्या परातींत एका थरात पसरा. उन्हाळ्यात कापलेलं मटण तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. मग उघड्या भांड्यात फ्रीजमध्ये, आणि पूर्ण गार झाल्यावर पिशव्यांत.

पिशवी एक किलोची, चपटी थापलेली, हवा काढून बंद केलेली. वर तारीख आणि भाग लिहा. गोठवण्याआधी धुऊ नका. घरगुती फ्रीजरला वीस किलो मटण एका वेळी गोठवता येत नाही; चार-पाच किलो घाला, ते कडक झाल्यावर पुढचं. तोवर बाकीचं बर्फाच्या पेटीत. फ्रीजमध्ये मटण दोन-तीन दिवसच टिकतं.

कलेजी, गुर्दे, दिल त्याच दिवशी शिजवा. मटण जुबहनंतर काही तासांनी आखडतं आणि त्या वेळेत शिजवलं तर कितीही शिट्ट्या केल्या तरी चिवट लागतं. बिर्याणीचा बेत दुसऱ्या दिवशी ठेवा. पहिल्या दिवशी कलेजी पुरेशी आहे.

## ११. कातडं आणि कचरा

बकऱ्याचं ओलं कातडं साधारण दोन किलोचं. त्याला एक किलो खडे मीठ लागतं. दोन-तीन तासांच्या आत, मटणाची बाजू वर करून, कडांपर्यंत चोळा. उन्हात वाळत घालू नका आणि गुंडाळून पिशवीत ठेवू नका. केस गळतात आणि मदरशानं कष्टानं गोळा केलेलं कातडं फेकावं लागतं.

कातडं स्वतः वापरता येतं, कुणाला देता येतं. विकलं तर येणारी रक्कम गरिबांना सदका (दान) करावी लागते. ती मशिदीच्या बांधकामाला किंवा कुणाच्या पगाराला लावता येत नाही.

रक्तावर आधी भुसा किंवा कोरडी माती टाका, ते शोषल्यावर झाडून पिशवीत भरा आणि मग पाण्यानं धुवा. थेट पाणी मारलं की रक्त गटारात जाऊन गोठतं. कोथळ्यातली शेणमाती, आतडी, खूर हे सगळं दुहेरी पिशवीत बांधून महापालिकेच्या गाडीतच द्या. गावात निदान चार फूट खोल खड्डा, वर चुना, वर माती. विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब.

जुबहची छायाचित्रं आणि चित्रफिती समाजमाध्यमांवर टाकू नका, कुटुंबाच्या गटावरही नाही.

## कुर्बानी राहून गेली तर

कुर्बानीच्या दिवसांत काही कारणानं झालीच नाही, तर पुढच्या वर्षी दोन बकरे करून ती भरून निघत नाही. हनफी मसलकात जनावर घेऊन ठेवलेलं असेल तर ते जिवंतच सदका करावं. घेतलं नसेल तर मध्यम प्रतीच्या बकऱ्याची किंमत गरिबांना द्यावी. ही रक्कम बाजूला काढून लगेच पोहोचवा.